औषधाच्या कुपीतील परकी साखर : हेपारिन, २००८

२००८ च्या जानेवारीत अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या एका बालरुग्णालयात डायलिसिसवरील मुलांना अकस्मात त्रास होत असल्याचे वृत्त पुढे आले. चेहरा सुजे, नाडी धावू लागे, रक्तदाब कोसळे. लवकरच इतर राज्यांतूनही अशीच वृत्ते आली. त्यांत मृत्यूही होते. साऱ्यांत दुवा एकच निघाला : रक्त गोठू न देणारे हेपारिन.

हे औषध जुने. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून त्याचा माग लागला. डुकरांच्या आतड्यांतून काढले जाणारे हेपारिन म्हणजे शर्करांची लांब साखळी, जागोजागी सल्फेटचे गट जडवलेली. प्रथिनांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. शर्करांच्या साखळीला असा आराखडाच नाही. एकाच कुपीत निरनिराळ्या लांबीच्या व घडणीच्या साखळ्या नांदतात. त्यामुळे औषधसंहितेतील मुख्य कसोटी रचनेची नव्हे, परिणामाची होती : रक्त गोठणे किती लांबते, एवढेच पाहायचे. भेसळ करणाऱ्याला याहून सोयीचे ते काय!

संशयित कच्चा माल चीनमधून आला होता. तेथे त्या सुमारास डुकरांवर साथ आली होती आणि आतडी दुर्मिळ झाली होती.

अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, एमआयटीतील भारतीय वंशाचे राम शशिशेखरन आणि मिलानच्या रोन्झोनी संस्थेतील शर्करातज्ज्ञ यांनी नमुने एनएमआर यंत्रात तपासले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेणूतील प्रत्येक गट आपापल्या ठिकाणी संकेत देतो. हेपारिनमधील ॲसिटिल गटाचे शिखर २.०४ पीपीएमपाशी येते. संशयित नमुन्यांत २.१५ पाशी आणखी एक शिखर उभे होते. विकरांनी साखळ्या तोडून, तुकडे वेगळे करून अखेर नाव निश्चित झाले : अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्राण्यांच्या कूर्चेत असते आणि स्वस्त मिळते. पण शर्करांच्या प्रत्येक जोडीमागे चार सल्फेट असलेले हे रूप निसर्गात आढळत नाही. ते कुणीतरी रासायनिक प्रक्रियेने घडवले होते.

तेही रक्त गोठणे लांबवते, म्हणून जुनी कसोटी फसली. शरीरात मात्र ते कॅलिक्राइन हे विकर जागे करते, त्यातून ब्रॅडिकायनिन तयार होते आणि रक्तदाब घसरतो.

मार्च २००८ मध्ये प्रशासनाने एनएमआर व केशिका विद्युतसंचलनाच्या पद्धती जगभरच्या उत्पादकांसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी अमेरिकी औषधसंहितेतील हेपारिनचे प्रकरण बदलले आणि रचनेची तपासणी सक्तीची झाली.