पाण्याचा हिशेब

मी इनामगावचा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचं गाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही नावं आम्ही पोरं खड्ड्यांच्या कडेला बसून ऐकायचो. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बंधारा आणि पाट तिथं सापडला. पुराचं पाणी वळवायचं, शेताला द्यायचं, हे त्या शेतकऱ्यांना कळत होतं. पुढे पाऊसमान घटलं आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास वस्ती उठली.

मागे माझी बायपास झाली, तेव्हा अतिदक्षता विभागात मला तो पाट आठवला. रोज्याची तहान मला ठाऊक आहे. तिला संध्याकाळचा वायदा असतो. ही तहान बेमुदत होती. सिस्टर पाणी मोजून द्यायच्या, लघवी मोजून तक्त्यावर लिहायच्या. घसा कोरडा, पण पाय सुजलेले आणि वजन तीन किलोंनी वाढलेलं! हे कसं? घरी आल्यावर वाचत गेलो.

१९५३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. या यंत्राच्या नळ्या आधी क्षारयुक्त द्रवाने भरतात. तो रक्तात मिसळतो, रक्त पातळ होतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी अंगात झिरपतं. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीर मात्र दुष्काळ पडल्यासारखं वागतं. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी व्हॅसोप्रेसिन सोडते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन. दोन्ही हार्मोन्सचा हुकूम एकच : पाणी धरून ठेवा. पाणी साचून रक्तातलं सोडियम फार उतरलं, तर माणूस बरळू लागतो. लघवी वाढवणाऱ्या औषधाने पोटॅशियम घटलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून तो तक्ता.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी आमच्या गावात कुदळ पडली. शस्त्रक्रियेचं धाडस असं पुढे गेलं होतं. पण हृदय स्वतः पाण्याचा कारभार कसा पाहतं, हे कळायला १९८१ उजाडलं. कॅनडात डॉ. अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ-पाणी भराभर बाहेर पडू लागलं. म्हणजे पाणी वाढून हृदय ताणलं, की तेच हार्मोन सोडून मूत्रपिंडांना निरोप धाडतं. आम्ही कवी हृदयाला बोलकं म्हणत आलो. ते बोलत होतंच, पण मीठ-पाण्याबद्दल!

चौथ्या दिवशी लघवी मोकळी झाली. गावच्या पाटाची गोष्ट मी सिस्टरांना सांगितली होती. तक्ता भरताना त्या हसल्या, “काका, पाट सुटला तुमचा!”

आता रोज सकाळी वजन करून वहीत लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर थेट डॉक्टरांना फोन. माझ्या कवितांच्या वह्यांपेक्षा घरचे ही वही जास्त आवडीने वाचतात.