धोक्याचा खेळ, मचाण आणि हाकेवाले

१/ सप्टेंबर २०२२. ‘खतरों के खिलाडी’च्या बाराव्या पर्वाचा विजेता तुषार कालिया याला २० लाख रुपये आणि मोटार मिळाली. त्याच्या महिनाभर आधी वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातील मृतांच्या वारसांना मिळणारी मदत १५ लाखांवरून २० लाख केल्याचे जाहीर केले होते. मंत्री चंद्रपूर जिल्ह्यातलेच. या दोन सारख्या आकड्यांमागचा इतिहास पाहू. #थ्रेड

२/ या खेळाचा उगम नेदरलँड्समधला. तेथील १९९८च्या कार्यक्रमावरून अमेरिकेत २००१ साली ‘फिअर फॅक्टर’ सुरू झाला. भारतात २००६ मध्ये सोनीने तो आणला. पण गाजला तो २००८ मध्ये कलर्स वाहिनीवर. सूत्रधार अक्षय कुमार, स्पर्धक १३ स्त्रिया, चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत. पुढे २०२३ मध्ये अमरावतीचा शिव ठाकरेही त्यात उतरला.

३/ उंचावरून उडी, सापांनी भरलेली पेटी, पाण्याखालची कुलपे. भीती खरी असते, मात्र धोका मोजून-मापून आखलेला असतो. कमरेला दोर, जवळ प्रशिक्षक. मुख्य म्हणजे स्पर्धकाला ‘नको’ म्हणून माघार घेता येते.

४/ धोक्याचा तमाशा आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी भरत असे. तो म्हणजे शिकार. ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्याची जंगले त्यासाठी प्रसिद्ध होती. आजचा गडचिरोली जिल्हा याच चांद्याचा भाग होता. तो १९८२ मध्ये वेगळा झाला.

५/ हाक्याची रीत पाहा. साहेब किंवा जमीनदार बंदूक घेऊन मचाणावर बसे. गावकरी डबे-ढोल बडवत, आरडाओरडा करत झाडीतून पायी चालत आणि वाघाला मचाणाकडे रेटत. वाघ उलटला, तर आधी गाठ हाकेवाल्याशी. वाघासोबतच्या छायाचित्रात मात्र शिकारी मध्यभागी.

६/ ताडोबात शिकारबंदी १९३५ मध्ये आली. १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभरची वाघाची शिकार संपवली. मचाण गेले, जंगलात पायी जाणारी माणसे राहिली.

७/ ‘ताडोबा’ हे नावही अशाच एका माणसाचे. गोंड आख्यायिकेनुसार तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मृत्यू पावला आणि लोकांनी त्याला देव मानले. तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे. वाघाला मारणारा नव्हे, वाघाशी लढताना मेलेला माणूस येथे देव झाला, हे ध्यानात घ्यावे.

८/ आज मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. दोन्ही कामे वाकून, झुडपांत शिरून करावी लागतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांना वाघाने एकाच दिवशी ठार केले. कमरेला दोर नाही. आणि माघार घ्यावी, तर हंगामाची कमाई जाते.

९/ खेळ पाहण्यात गैर काही नाही. स्पर्धकांचे धैर्यही खोटे नसते. पण धोक्याचा कोणताही तमाशा अभ्यासताना एक प्रश्न विचारावा: धोका कोण पत्करतो आणि नाव कोणाचे होते? जुन्या शिकारकथा हाती आल्या, तर शिकाऱ्याचे वर्णन ओलांडून हाकेवाल्यांची नावे शोधा. बहुतेक ठिकाणी फक्त त्यांची संख्या सापडेल. चांद्याचा न लिहिलेला इतिहास तेथून सुरू होतो.