मोटर ड्रायव्हर चिपद्वारे स्पीकर चालवणे

मोटर ड्रायव्हर चिप हा मायक्रोकंट्रोलरच्या दुर्बळ संकेतानुसार डीसी मोटरला पुरेशी विद्युतधारा पुरवणारा एकात्मिक परिपथ होय. एल२९३डी व एल२९८ या त्यांतील सर्वपरिचित चिप आहेत. मोटरऐवजी स्पीकर जोडून त्यांच्याद्वारे ध्वनीही निर्माण करता येतो. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनमधून साधारणतः २० मिलिअँपिअर एवढीच धारा सुरक्षितपणे घेता येते. ८ ओहमच्या स्पीकरला मोठ्या आवाजासाठी तिच्या अनेक पट धारा लागते.

कार्यपद्धती

चिपमधील चार स्विचांची रचना इंग्रजी 'एच' अक्षरासारखी असल्याने तिला एच-ब्रिज म्हणतात. समोरासमोरच्या तिरप्या जोड्या आलटून पालटून चालू केल्या की स्पीकरच्या कुंडलातील धारेची दिशा उलटते आणि पडदा पुढे-मागे हलतो. ड-वर्ग ध्वनिवर्धकाचा अंतिम टप्पाही अनेकदा असाच असतो. फरक मुख्यतः वेगाचा आहे.

दोन आदाने परस्परविरुद्ध ठेवून सेकंदाला ४४० वेळा हे चक्र घडवल्यास त्या वारंवारतेचा स्वर मिळतो. तरंग चौकोनी असल्याने तो कर्कश वाटतो. संगीतासाठी स्पंदरुंदी-नियमन (पीडब्ल्यूएम) वापरावे लागते व त्याची वारंवारता श्रवणमर्यादेच्या, म्हणजे २० किलोहर्ट्‌झच्या वर असावी लागते. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर ती मुळात सुमारे ४९० हर्ट्‌झ असते व गुणगुण म्हणून स्वतःच ऐकू येते. टायमर बदलून ती ३१ किलोहर्ट्‌झपर्यंत नेता येते. एल२९८ची कमाल मर्यादा ४० किलोहर्ट्‌झ आहे. ध्वनीसाठी बनवलेल्या चिप शेकडो किलोहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे नको असलेली वारंवारता गाळणे त्यांत सोपे जाते.

मर्यादा व धोके

एल२९८मध्ये १ अँपिअर धारेला १.८ ते ३.२ व्होल्ट चिपमध्येच खर्ची पडतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर मग फारसे काही उरत नाही. मॉसफेट असलेल्या डीआरव्ही८८३३सारख्या चिपमध्ये ही घट बरीच कमी असते. एल२९८ला संरक्षक डायोड बाहेरून जोडावे लागतात, एल२९३डीमध्ये ते अंतर्भूत असतात.

खरा धोका स्थिर धारेचा आहे. एका दिशेने सतत वाहणारी धारा मोटरला फिरवते, स्पीकरला मात्र जाळते. प्रोग्राम अडकून एल२९८चे एक आदान चालूच राहिले, तर १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ६ ओहम रोधाच्या कुंडलातून दीड अँपिअरच्या आसपास धारा वाहते आणि जवळपास १४ वॅट उष्णता निर्माण होते. पडदा स्थिर असल्याने कुंडलाला हवाही मिळत नाही. ३ वॅटचा स्पीकर यात फार काळ तगत नाही. म्हणून शांततेच्या वेळी एनेबल पिन बंद ठेवावी किंवा मालिकेत ध्रुवरहित धारित्र जोडावे. ८ ओहमला २२० मायक्रोफॅरडचे धारित्र सुमारे ९० हर्ट्‌झखालचे स्वर क्षीण करते, ही त्याची किंमत.

स्पीकरचे कोणतेही टोक ग्राउंडला जोडू नये. ऑसिलोस्कोपचा ग्राउंड चिमटा तेथे लावणे हीदेखील तीच चूक ठरते.

याच तत्त्वाचे उलट उदाहरण ड्रोनमध्ये आढळते: वीज जोडताच येणारा 'बीप' आवाज बहुधा वेगनियंत्रक मोटरच्याच कुंडलांतून काढत असतो.