भंडाऱ्याच्या तलावांवर गळ टाकायला जायचंय? आधी हे माहीत करून घ्या

मागे डोंगर, समोर तलाव आणि हातात गळ. अशी एखादी रील पाहिली की पुढच्या सुट्टीचा बेत ठरायला वेळ लागत नाही. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेला भंडारा जिल्हा यासाठी अगदी सोयीचा वाटतो, कारण 'तलावांचा जिल्हा' हीच त्याची ओळख आहे. पण इथल्या बहुतेक तलावांतल्या माशांवर कोणाचा तरी हक्क असतो. त्यामुळे बेताची सुरुवात परवानगीपासून करावी लागते.

एवढे तलाव आले कुठून?

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी धानशेतीसाठी इथे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना 'माजी मालगुजारी', म्हणजेच 'मामा तलाव' म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव असल्याचं सांगितलं जातं.

मासे कोणाचे?

तलाव जिल्हा परिषदेचा, ग्रामपंचायतीचा किंवा पाटबंधारे विभागाचा असू शकतो. मासेमारीचा हक्क मात्र ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिला जातो. तो बहुतेकदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ढिवर समाजातल्या अनेक कुटुंबांचं पोट यावर चालतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरक देऊन या जातींचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून केंद्रांवर बीज तयार करणं शक्य झालं. संस्था हे बीज किंवा बोटुकली विकत घेऊन पावसाळ्यात तलावात सोडतात आणि महिनोन्‌महिने राखण करतात.

म्हणजे तुमच्या गळाला लागलेल्या रोहूसाठी कोणीतरी आधीच पैसे मोजलेले असतात.

परवानगी कोणाला मागायची?

• आधी गावात जा आणि तलाव कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारा. ग्रामपंचायतीत किंवा चहाच्या टपरीवरही हे कळतं.
• संस्थेच्या अध्यक्षांशी किंवा सचिवांशी बोला. किती गळ टाकायचे, मासा नेला तर काय दर द्यायचा, हे आधीच ठरवा.
• मोठ्या जलाशयांसाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

कुठे गळ टाकता येत नाही?

कोका अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं. ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्यातल्या पाणवठ्यांवर गळ टाकणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. जुन्या माहितीत नवेगावबांध आणि नागझिरा भंडाऱ्यात दाखवलेले दिसतील. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचं विभाजन झाल्यापासून ते गोंदियात आहेत.

तुमसर तालुक्यातला चांदपूर जलाशय डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि टेकडीवर हनुमानाचं मंदिर आहे. फिरायला जागा छान आहे, पण गळ टाकण्याआधी इथेही विचारावंच लागेल.

कधी जायचं, काय न्यायचं?

पावसाळा टाळा. तो माशांच्या विणीचा आणि बीज सोडण्याचा काळ असतो, शिवाय पाळीवरची माती निसरडी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमधली सकाळ बरी. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही.

साधी बांबूची काठी, दोरा आणि गळ पुरेसा आहे. रोहू-मृगळासाठी कणकेचा गोळा चालतो. मृगळ तळाशी चरतो, कटला वरच्या थरात. मरळ शिकारी मासा आहे, तो कणकेला सहसा भुलत नाही.

या चुका टाळा

• पाण्यात उतरू नका. गाळ किती खोल आहे ते वरून कळत नाही.
• शिंगाड्याच्या वेलींत गळ टाकू नका. ते कोणाचं तरी पीक असतं.
• तुटलेला नायलॉनचा दोरा सोबत परत आणा. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. राज्यातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यातच दिसतात.
• जंगलालगतच्या तलावावरून अंधार पडायच्या आत निघा. या भागात वाघ आणि अस्वलं आहेत.

परवानगी मिळाली नाही तर?

तरी फेरी वाया जात नाही. संस्थेचे लोक जाळं ओढतात त्या सकाळी पाळीवर थांबा आणि ताजा मासा त्यांच्याकडूनच विकत घ्या. त्याचे पैसे तलाव राखणाऱ्यांच्या हातात पडतील.