चेस्टनटच्या जखमा

आपल्याकडे लिंबावर खैऱ्या पडतो, तोही कँकरच. पण त्यामागे जिवाणू असतो. आजची गोष्ट बुरशीच्या कँकरची.

पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत चेस्टनट म्हणजे अगदी घरचं झाड. पाळणा त्याच्या लाकडाचा, कुंपण त्याचंच आणि शेवटी शवपेटीही त्याचीच. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले वनपाल हर्मन मर्केल यांना तिथले चेस्टनट वाळताना दिसले. विल्यम मरिल यांनी त्यामागची बुरशी शोधून १९०६ मध्ये तिला नाव दिलं.

रोग ओळखायला सोपा. साल खोलगट होते किंवा फुगून तडकते, वर नारिंगी टिपके उठतात. बुरशी सालीखालचा जिवंत थर मारत खोडाला वळसा घालते. वळसा पूर्ण झाला की वरचं सगळं वाळतं. मुळं मात्र जगतात! त्यांतून धुमारे फुटतात, जरा मोठे झाले की पुन्हा तोच फास.

मग उपाय काय? पेनसिल्व्हेनियाने १९११ मध्ये आयोग नेमला, पावणेतीन लाख डॉलर दिले. रोगट झाडं शोधायची, तोडायची, जाळायची. पण बीजाणू वाऱ्यापावसाबरोबर, पाखरांच्या पायांना चिकटून केव्हाच पुढे गेलेले. १९१३ मध्ये आयोग गुंडाळला. त्याच वर्षी फ्रँक मेयर यांना हाच रोग चीनमध्ये सापडला. तिथली झाडं आजारी पडत, पण सहसा मरत नसत.

इकडे अमेरिकेत, नाहीतरी मरणारच, निदान लाकूड तरी मिळेल, म्हणून लोकांनी निरोगी झाडंही तोडली. त्यांत एखादं तग धरणारं असेलही... आता कसं कळणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे चारशे कोटी झाडं गेली.

इटलीत रोग १९३८ मध्ये आढळला. पण १९५० च्या सुमारास अंतोनियो बिराघी यांना काही झाडांच्या जखमा आपोआप भरताना दिसल्या! पुढे फ्रान्समध्ये झाँ ग्राँत यांनी अशा जखमांतली बुरशीच दुबळी असल्याचं दाखवलं. तिला विषाणूने ग्रासलंय, हे नंतर उलगडलं. मग ती दुबळी बुरशी मुद्दाम जखमांच्या कडेला लावून युरोपात बागा वाचवल्या गेल्या. अमेरिकेत मात्र ही युक्ती फारशी चालली नाही. तिथे बुरशीचे प्रकार फार, विषाणू एकातून दुसऱ्यात सहज जात नाही.

कुऱ्हाड कधीच चालवू नये, असं नाही. पण बिराघींनी पाहिलेली झाडं कुणी रोगट म्हणून आधीच तोडली असती तर? दोन-चार आजारी झाडं उभी ठेवून त्यांच्याकडे बघत राहणारा माणूसही लागतोच की.