महसीरच्या अंड्यांचा प्रवास : एका तंत्राची कुळकथा

माशाच्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांत नराचे शुक्रद्रव मिसळायचे आणि फळलेली अंडी पाण्यात न ठेवता नुसत्या ओलाव्यात दूरच्या जलाशयापर्यंत न्यायची, हे मत्स्यसंवर्धनातले जुने तंत्र आहे. ते जन्माला आले युरोपातल्या थंड ओढ्यांमधल्या ट्राउटसाठी. महाराष्ट्रात ते लोणावळ्याच्या वळवण तलावावर महसीरसाठी रुजले.

जर्मनीच्या स्टेफान लुडविग याकोबी यांनी ट्राउटची अंडी हाताने फळवण्याची रीत अठराव्या शतकाच्या मध्यात शोधली आणि 1760च्या दशकात ती छापून प्रसिद्ध झाली. त्यांच्या रीतीत अंडी पाण्यातच काढली जात. शुक्रद्रव पाण्यात पडताच शुक्राणूंची हालचाल सुरू होते आणि थोड्याच वेळात थांबते. त्यामुळे बरीच अंडी वाया जात. 1850च्या दशकात रशियाच्या व्रास्की यांनी कोरडी पद्धत काढली. अंडी आणि शुक्रद्रव आधी कोरड्या भांड्यात एकत्र करायचे, पाणी मागाहून घालायचे. फळणाऱ्या अंड्यांचे प्रमाण यामुळे खूप वाढले.

पुढचा प्रश्न होता वाहतुकीचा. ट्राउटची अंडी पाच अंशांच्या आसपासच्या पाण्यात फुटायला जवळजवळ तीन महिने घेतात. कवचाभोवती ओलावा आणि हवा असली की अंड्याचा श्वास चालू राहतो, आणि थंडीमुळे वाढ संथ होते. जेम्स यूल यांनी याचा उपयोग करून शेवाळात ठेवलेली सामन आणि ट्राउटची अंडी बर्फाच्या साठ्यासह 1864 मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पाठवली. विषुववृत्त ओलांडून ती जिवंत पोहोचली आणि टास्मानियात फुटली.

भारतात फ्रान्सिस डे यांनी 1860च्या दशकात निलगिरीत ट्राउट आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरला 1899 मध्ये आलेली अंडी वाटेतच मेली, पण त्यापाठोपाठचा प्रयत्न साधला आणि हारवनला केंद्र उभे राहिले. 1907च्या सुमारास एच. सी. विल्सन यांनी निलगिरीतही ट्राउट स्थिरावला. महाराष्ट्रात मात्र त्याला जागा नव्हती. खुलताबादजवळचे म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पण तिथेही उन्हाळा ट्राउटला सोसवणारा नसतो.

सह्याद्रीच्या नद्यांचा मानकरी मासा महसीर. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केले. देहूला इंद्रायणीच्या डोहातले महसीर भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. पावसाळ्यात हा मासा अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो. धरणांनी ती वाट अडवली. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी बांधलेल्या तलावांपैकी वळवणच्या तलावात महसीर टिकून होता.

तिथे मत्स्यशास्त्रज्ञ चिं. वि. कुलकर्णी यांनी 1970च्या सुमारास महसीरचे कृत्रिम प्रजनन साधले. रोहू-कटल्याला त्यासाठी पोषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन द्यावे लागे. हीरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे ते यशस्वी केले होते. वळवणला मात्र तलावातच पक्व झालेले नर-मादी पावसाळ्यात जाळ्यात मिळत. मादीची अंडी कोरड्या ताटात पिळून घेत, त्यांत शुक्रद्रव मिसळत आणि मग पाणी घालून धूत. ही अंडी पिवळसर, टपोरी आणि जड असतात. ती तळाशी बसतात. म्हणून ती ट्राउटच्या अंड्यांप्रमाणे उथळ तबकांत संथ वाहत्या पाण्याखाली पसरली जात. तीन-चार दिवसांत ती फुटतात. पिल्ले सुरुवातीला पोटाखालच्या पिवळ्या बलकावर जगत तबकाच्या कोपऱ्यात घोळक्याने पडून राहतात. हा नाजूक काळ सरला की ती बाहेरचे अन्न घेऊ लागतात.

वाहतुकीसाठीही ट्राउटचाच धडा गिरवला गेला, पण बदलून. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी फळलेली अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने पाठवली. पाण्याचे वजन वाचले, सांडण्याची भीती गेली. अंडी तीन-चार दिवसांतच फुटत असल्याने जहाजाचा लांब प्रवास शक्य नव्हता. विमानामुळे ते वेळेचे बंधन पाळता आले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. लोणावळ्याची बोटुकली राज्याबाहेर गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला, आणि बाहेरून आलेल्या महसीरचा त्याच्या घटीत वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. त्याच वर्षी दख्खनचा महसीर मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. ज्या नदीचा मासा, त्याच नदीचे बीज हा नियम पाळला, तरच हे तंत्र नदीच्या कामी येते.