हौद्यातली शिस्त

बडोद्याच्या मराठी घरांत तालमीचा विषय निघाला की जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव येतेच. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद; राजरत्न प्रोफेसर माणिकराव त्यांचे पट्टशिष्य. संस्था शिष्याने वाढवली, नाव मात्र गुरूचेच ठेवले. आदर म्हणतात तो हाच. माणिकराव व्यायाम शिकवत, तसेच मोडलेली-निखळलेली हाडेही बसवत. शिकवणाऱ्यानेच दुखापतीची काळजी वाहायची, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

हौद्यात उतरताना मातीला नमस्कार, मग सलामी, मग पकड. माती खणून भुसभुशीत करायची, ती पडणाऱ्यासाठी. जोड लावायची ती वजन पाहून.

१९२३ साली हुतूतूचे नियम छापले गेले आणि हिंद विजय जिमखान्याने येथेच अखिल भारतीय स्पर्धा भरवली. तीच आजची कबड्डी.

गेल्या वर्षी आमच्या उत्सवातल्या कबड्डीत एका मुलाचा खांदा निखळला. मैदान टणक होते. शिवीगाळ चालली होती आणि आम्ही मोठी माणसे हसत होतो. यंदा मैदान आम्हीच आधी खणणार आहोत. शिवी देणारा बाहेर बसेल, मग तो कोणाचाही मुलगा असो.